किती सेकंदांनी लिहायचं

आमच्या खोलीत तीन माणसं नीट बसतील एवढी जागा आहे आणि रोज तीस येतात. दाराच्या डाव्या हाताला माझी खिडकी. तिथे मी चिठ्ठ्या घेते, नावं लिहिते, नंबर पुकारते आणि "अजून किती वेळ?" या प्रश्नाला दिवसभर तेच उत्तर देते. पडद्याच्या पलीकडे एक खाट, एक स्टूल, हृदयाची पट्टी काढायचं यंत्र आणि पट्टीवाले.

पट्टीवाले हे त्यांचं खरं नाव नव्हे, पण अख्ख्या हॉस्पिटलात त्यांना दुसऱ्या नावाने मारलेली हाक एकोणीस वर्षांत माझ्या कानावर आलेली नाही. माणूस अगदी नाकासमोर चालणारा. हात मात्र बारा महिने गार. छातीला वायरी लावताना पेशंट दचकला की ते दचकणं पट्टीवरही उमटतं, म्हणून ते आधी टेबलावरच्या दिव्यापाशी दोन्ही तळवे शेकून घेत. बाहेर रांग दाराबाहेर गेलेली आणि आत हा सोहळा! मी खिडकीतून ओरडायची, "हात शेकताय की शर्टाला इस्त्री करताय?" ते तळवे उलटे धरायचे. शेकून झाल्यावरच हात लावायचे.

काही माणसांचं हृदय आमच्या खोलीत आलं की शहाण्या मुलासारखं वागतं आणि घरी गेलं की खोड्या करतं. अशांसाठी आमच्याकडे तीन डबे होते. साबणाच्या वडीएवढा डबा, त्याला पाच वायरी, गळ्यात अडकवायला पट्टा. पेशंटने तो दोन दिवस अंगावर वागवायचा आणि आणून द्यायचा. मग पट्टीवाले तो संगणकाला जोडून दोन दिवसांचा एकेक ठोका बघत बसायचे. तीनपैकी एक डबा कधीच कामातून गेला होता, त्याच्याखाली मी चिठ्ठ्या दाबून ठेवते. उरलेले दोन चालू होते, पण त्यांच्या बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. तिसाव्या तासाला दोघेही मान टाकायचे. बॅटरी आत बंदिस्त, वर कंपनीचं सील, उघडलं तर जबाबदारी तुमची. नवे डबे मागितले की वरून उत्तर यायचं, प्रस्ताव विचाराधीन आहे. विचार करून करून वरच्यांची डोकी पिकली असतील.

यावर तोड पट्टीवाल्यांनी काढली, तीही एकट्याने. एका दुपारी पेशंट आटोपल्यावर ते खिडकीपाशी आले आणि म्हणाले, "खिडकीबाई, तुम्ही झालेल्या फायली कपाटात कधी ठेवता?"

"दहा जमल्या की. एकेकीसाठी उठत बसले तर गुडघे राहतील का माझे?"

"हा डबा एकेकीसाठी उठतो," ते म्हणाले. "ठोके आधी त्याच्या मेमरीत जमतात. मग आतली फाइल सिस्टीम दर पाच सेकंदांनी ते कार्डावर लिहून काढते. प्रत्येक वेळी लिहायला बॅटरी जाते. तो आकडा बदलता येतो. मी दहा मिनिटं करून बघितला. डबा पन्नास तास चालला."

"मग आधी का नाही केलंत?"

"कार्डावर उतरलं ते कायमचं. मेमरीतलं, बॅटरी आहे तोवर. मध्येच डबा बंद पडला तर शेवटची दहा मिनिटं गेली."

"माझ्या मांडीवरच्या फायली कुठे जातात?"

"तुमच्या नाही जात. याच्या जातात."

अठ्ठेचाळीस तासांतली दहा मिनिटं! मी म्हटलं, बेधडक करा. डॉक्टरही तेच म्हणाल्या, वर त्यांना शाबासकी दिली. चार वर्षं दोन्ही डबे दहा मिनिटांनी लिहीत राहिले आणि एकही पेशंट अर्धवट नोंद घेऊन परत आला नाही. कुणाची शेवटची मिनिटं हरवली असतीलही. हरवलेलं आपल्याला कळायचा मार्ग नसतो, एवढंच.

मग त्यांची ताई चक्कर येऊन पडायला लागली.

ताई त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. शाळेचे गणवेश शिवायची. खाली इस्त्रीवाल्याचं दुकान, वर तिची खोली. खोलीत एक शिलाई मशीन, एक कापड बेतायचं लांब टेबल आणि उरलेल्या जागेत ती. आई लवकर गेली तेव्हा पट्टीवाले सात वर्षांचे होते. तेव्हापासून तिनेच त्यांना वाढवलं. पॅन्ट शिवताना खाली चार बोटं कापड दुमडून ठेवायची आणि दर वर्षी एकेक बोट उसवायची, असं तिनेच मला सांगितलं. अजूनही त्यांना धाकट्या म्हणायची. छप्पन्न वर्षांचा, कानावरचे केस पांढरे झालेला माणूस "हो ताई" म्हणून मान खाली घालायचा, हे बघायला मला फार आवडायचं.

ती पडायची म्हणजे काही सांगून नाही. उभी असायची आणि नसायची. अर्ध्या मिनिटात डोळे उघडून विचारायची, "कात्री कुठे गेली?" पहिल्या तिन्ही वेळा सकाळीच झालं. डॉक्टरांना ऐकताक्षणी अंदाज आला. हृदयाचा ठोका मध्येच काही सेकंद थांबत असणार. त्यावर पेसमेकर बसवायचा, की संपलं. पण पेसमेकर समितीच्या मंजुरीने मिळायचा आणि समिती पट्टीशिवाय कुणाचं ऐकत नाही. "तीन सेकंदांचा खंड पट्टीवर दिसू दे, त्याच दिवशी अर्ज करते," डॉक्टर म्हणाल्या. "मला कळतंय काय आहे ते. पण माझ्या कळण्यावर सही होत नाही."

डब्यासाठी चौदा जण रांगेत होते. मी ताईचं नाव सगळ्यांत वर लिहिलं. पट्टीवाल्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "हे बरोबर नाही." मी म्हटलं, "खिडकी माझी आहे."

सोमवारी सकाळी दहा वाजता त्यांनी हात नेहमीपेक्षा जास्त वेळ शेकले आणि तिला डबा लावला. मंगळवारी ती पडली. टेबलाच्या कडेवर आपटली, नेमकी डब्याच्या बाजूने. खालचा इस्त्रीवाला आवाज ऐकून वर धावला. त्याला कपडे पोचवायची घाई होती, म्हणून त्याने घड्याळ पाहिलं होतं. अकरा सत्तावीस. कपाळाला पट्टी बांधून ताई बुधवारी आली तेव्हा मला, खरं सांगते, आनंदच झाला. म्हटलं, पडली ती सत्कारणी लागली.

संगणकावर नोंद अकरा वीसपर्यंत होती. पुढे काही नव्हतं.

आपटल्यावर आतलं काहीतरी हललं आणि डबा बंद पडला होता. शेवटचं लिहून सात मिनिटं झाली होती, पुढचं लिहायला तीन बाकी होती. पट्टीवाले संगणकाच्या पडद्याकडे बघत बसले. पडदा रिकामाच होता, तरी बघत बसले. मग पडद्यामागून बाहेर आले आणि माझ्यासमोरच तिला म्हणाले, "ताई, तुझी सात मिनिटं माझ्यामुळे गेली."

त्यांनी सगळं समजावलं. तिने मन लावून ऐकलं.

"म्हणजे डबा मनातल्या मनात लिहीत होता आणि वहीत उतरवायच्या आत मी पडले."

"हो."

"मग तुझ्यावरच गेलाय की तो. शाळेत सगळं यायचं तुला, पेपरात काही उतरायचं नाही."

मी हसले. ताई हसली. ते हसले नाहीत. बरोबर चार वर्षांपूर्वी मी बेधडक करा म्हटलं होतं, ते माझ्या ओठांवर आलं, पण मी बोलले नाही. बोलायला हवं होतं.

दुसऱ्या खेपेला तीन आठवडे लागले. मधल्या काळात ती एकदा सकाळी नळाशी पडली. कसली नोंद नाही, काही नाही, नुसती सांडलेली बादली. या वेळी त्यांनी आकडा पुन्हा पाच सेकंदांवर आणला. आता डबा आपटला तर फार तर पाच सेकंद जातील. तास मात्र तीसच मिळणार होते. त्यांनी हिशेब केला होता. पाचही वेळा ती सकाळी पडली होती. सोमवारी दहाला लावला तर मंगळवारी चारपर्यंत चालेल, म्हणजे सोमवारची उरलेली सकाळ आणि मंगळवारची पूर्ण सकाळ हाती लागते. ते मला बोटांवर मोजून सांगत होते आणि मी मान हलवत होते. माणूस पडायची वेळ ठरवून पडत नाही हे दोघांनाही कळत होतं.

मंगळवारी चारला बॅटरी संपली. पावणेसहाला ताई इस्त्रीवाल्याच्या दारात पडली. छातीवर पाच वायरी, गळ्यात पट्टा आणि डबा बंद.

त्या दिवशी मी पट्टीवाल्यांना पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं. त्यांनी डबा हातात घेतला, आता आपटतात असं वाटलं, आणि मग त्यांनी तो अलगद टेबलावर ठेवून दिला. दोनच डबे होते. चिडायचीसुद्धा सोय नव्हती.

डॉक्टरांनी रदबदली करून ताईला दोन दिवस वॉर्डात ठेवून घेतलं, खाटेशेजारी मोठं यंत्र लावून. दोन्ही दिवस तिचं हृदय घड्याळासारखं चाललं. तिसऱ्या दिवशी खाट दुसऱ्याला हवी होती. मागच्या दोन्ही नोंदी डॉक्टरांनी पुन्हा तपासल्या. जेवढं लिहिलेलं होतं तेवढ्यात कुठेही खोट नव्हती.

मग पट्टीवाल्यांनी जिवाचं रान केलं. आमची खोली शनिवारी-रविवारी बंद असते. तीन आठवडे, तीन शनिवार, त्यांनी डबा स्वतःच्या छातीला लावून घरी नेला आणि दर वेळी वेगळा आकडा ठेवून तो कितव्या तासाला मान टाकतो ते पाहिलं. सोमवारी माझ्यासमोर कागद ठेवला. पाच सेकंद, तीस तास. अर्धं मिनिट, छत्तीस. एक मिनिट, एक्केचाळीस. दहा मिनिटं, पन्नास.

"तुम्ही सांगा," ते म्हणाले.

"मला काय कळतं त्यातलं?"

"मलाही कळत नाही. आकडा लहान ठेवला तर ती पडेपर्यंत डबा जगत नाही. मोठा ठेवला तर ती पडली की डबा विसरतो. तिची चक्कर अर्ध्या मिनिटाची. एक मिनिट ठेवलं आणि डबा आपटला, तर अख्खी चक्कर त्या मिनिटात बुडू शकते. अर्धं ठेवलं तर पाच तास हातचे जातात. आणि त्या पाच तासांतच..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

तोड शेवटी ताईनेच काढली. ती म्हणाली, "अरे धाकट्या, तो आपटला की बंद पडतो ना? मग आपटूच द्यायचा नाही." गणवेशाच्या उरलेल्या कापडात चांगला दोन बोटं जाड कापूस भरून, आडव्या-उभ्या टिपा मारून तिने डब्यासाठी पिशवी शिवली. वर झाकण, झाकणाला दोन बटणं. पट्टीवाल्यांनी डबा त्या पिशवीत घालून कमरेच्या उंचीवरून खाटेवर टाकला, मग फरशीवर टाकला. चालूच राहिला. ते इतके हरखले की त्यांनी तो मला तीनदा टाकून दाखवला. कंपनीला सुचलं नाही ते माझ्या बहिणीला सुचलं, असं दिवसभर येईल त्या पेशंटला सांगत होते.

एक मिनिट ठरलं. शिवाय या वेळी ताईने स्वतःच्या खोलीत राहायचं नाही, भावाच्या घरी राहायचं. तिथे वहिनी दिवसभर घरात असायच्या. सोमवारी दहाला डबा लावला. ताई पिशवीला थोपटत माझ्या खिडकीपाशी आली आणि म्हणाली, "बाई, आता पडायला भीती नाही." मी म्हटलं, "पडा खुशाल. पण जिना सोडून पडा."

मंगळवारी दुपारी दोन वाजून गेले होते. माझ्या खिडकीतला फोन वाजला. वहिनी होत्या. त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी फक्त "यांना पाठवा" एवढं म्हटलं. मी पडदा सारला. पट्टीवाले दिव्यापाशी हात धरून उभे होते, खाटेवर एक आजोबा शर्ट काढून पडले होते. मी म्हटलं, "घरी जा. लगेच." ते शेकलेले हात तसेच घेऊन निघाले.

ताई खुर्चीत बसली होती. पडलीच नाही. वहिनी स्वयंपाकघरातून पाणी घेऊन आल्या तेव्हा मान एका बाजूला झुकली होती, मांडीवर शिवण तशीच होती. तिला आमच्याच हॉस्पिटलात आणलं, पण आणायचं म्हणून आणलं. वायरी पट्टीवाल्यांनी स्वतः काढल्या. मी शेजारी होते. ओल्या कापसाने चिकटपट्टी भिजवून, कातडी ओढू न देता, एकेक करून काढल्या. डबा अजून चालू होता. दर मिनिटाला लिहीत होता. बटण दाबून धरलं की तो पोटातलं उरलंसुरलं कार्डावर उतरवतो आणि मग बंद होतो. त्यांनी ते बटण डबा बंद होईपर्यंत नीट धरून ठेवलं. मला रडू आवरलं नाही. त्यांनी डबा पिशवीत घातला आणि दोन्ही बटणं लावली.

पुढच्या आठवड्यात ते कामावर आले. डबा तसाच त्यांच्या खणात होता. डॉक्टर म्हणाल्या होत्या, मी बघते, तुम्ही नका बघू. ते म्हणाले, मीच बघतो. मी खिडकी लावून घेतली. बाहेर लोक कुरकुरले, कुरकुरू दिले.

मंगळवारचे एक वाजून बावन्न मिनिटं. अकरा सेकंदांचा खंड. मग पाच ठोके. मग एकोणीस सेकंद. मग दोन ठोके. त्यापुढे सरळ रेघ. एक ठोका हरवला नव्हता. डॉक्टर मागे उभ्या होत्या. त्यांनी पट्टीवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पुरे आता." मला वाटलं, झालं.

पण त्यांची एक पद्धत होती. कुणाचीही नोंद ते शेवटाकडून बघून सोडायचे नाहीत, पहिल्या तासापासून बघायचे. त्यांनी नोंद मागे नेली आणि सोमवारच्या दहापासून सुरुवात केली. अकरा. बारा. दुपार. आम्ही दोघी उभ्याच होतो. आम्हाला त्यांना थांबवता येईना.

सोमवार, संध्याकाळचे सात चाळीस. सहा सेकंदांचा खंड.

साडेआठला चार सेकंद. मंगळवारी सकाळी सातला पुन्हा पाच.

समितीला तीन सेकंद पुरे होते. सोमवारी संध्याकाळी दुप्पट मिळाले होते, एका मिनिटाच्या आत कार्डावर उतरले होते आणि सुखरूप होते. डॉक्टर एकदम वळल्या आणि खिडकीच्या काचेकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"डबा मध्येच काढून वाचत नसतात," मी म्हटलं. "संगणक इथे, तुम्ही तिथे. कुणीच नसतं वाचलं. आणि मागच्या दोन्ही वेळा मध्ये काही नव्हतंच, तुम्हाला कुठून कळणार?" मी बोलत सुटले होते. यातलं सगळं खरं होतं आणि काही उपयोगाचं नव्हतं.

पट्टीवाल्यांनी मान हलवली. त्यांचं बोट पडद्यावरच्या त्या सपाट रेघेवर होतं.

"सात चाळीसला मी घरी होतो," ते म्हणाले. "ताई माझ्या शर्टाचं बटण लावत होती. मध्येच सुई थांबली. मी म्हटलं, काय गं? म्हणाली, काही नाही, दोरा गुंतला. मी पिशवीचं झाकण उचलून डब्याकडे बघितलं. त्यावरचा दिवा हिरवा होता. म्हटलं, चला, लिहितोय."

"मग?"

"मग काय. जेवायला बसलो."